देवाने दार उघडलं अशी साक्ष दिली आणि आता तो प्लॅनच रद्द झालाय. भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

वाटेवरची

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण ओळखीच्या कोणाशी हे बोलायला गेलं की समोरचा लगेच वचन सांगायला लागतो आणि मग मला पुढचं बोलताच येत नाही. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी नर्स आहे. परदेशात जाऊन काम करायचं बरीच वर्षं डोक्यात होतं आणि ते नुसतं स्वप्न नव्हतं, भाषेची परीक्षा, रजिस्ट्रेशन, अनुभवाची सर्टिफिकेटं, पोलीस व्हेरिफिकेशन, एकेक कागद ड्युटी सांभाळून जमवलेला. प्रत्येक टप्प्याला प्रार्थना केली, काही वेळा उपास केले, देवाला अगदी स्पष्ट म्हटलं होतं की तुझी इच्छा नसेल तर आत्ताच अडव. काहीच अडलं नाही. ऑफर लेटर आलं तेव्हा मंडळीत उभी राहून साक्ष दिली की प्रभूने दार उघडलं. पाळकांनी पुढे बोलावून प्रार्थना केली, निरोपाची तारीखसुद्धा ठरली.

आणि मग पप्पांना स्ट्रोक आला. उजवा हात पाय गेला आणि बोलणं जवळजवळ गेलं. आई नाहीये. भाऊ आहे पण तो दुसऱ्या शहरात, त्याची मुलं लहान, त्याने पहिले काही दिवस केलं मग त्याला जावं लागलं. मी जॉइनिंग पुढे ढकलून मागितलं, थोडी मुदत मिळाली, ती संपली, मग एक मेल आला. दोन ओळींचा, त्यात एक ओळ तर शुभेच्छांचीच होती.

पप्पांसाठी थांबले याचं वाईट वाटत नाही, ते आधीच सांगते. उद्या परत तसंच झालं तरी हेच करेन. पण आत कुठेतरी सगळं थांबलंय. प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत, बायबल उघडलं की डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं की मला उठून बाहेर जावंसं वाटतं. आणि लोक विचारतात, अगं तू जाणार होतीस ना?

माझे प्रश्न असे आहेत की देवाने दार उघडलं होतं हे खरं होतं की मी माझीच इच्छा देवाच्या तोंडी घातली? खरं असेल तर मग त्यानेच बंद का केलं? आणि सगळे म्हणतात भरवसा ठेव. ठेवते. पण भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं? मनातल्या मनात जोर लावायचा का?

---

दवबिंदू

ताई खूप वाईट वाटलं वाचून 🙏 यिर्मया २९:११ वाच. तुझ्याविषयी देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. तो एक दार बंद करतो तेव्हा त्याहून मोठं दार उघडतो. तुझ्यासाठी याहून चांगला देश चांगला पगार ठेवला असेल त्याने. धीर धर, प्रार्थनेत आठवण ठेवते.

---

कोपऱ्यातला_बाक

दवबिंदू, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय त्यामुळे राग मानू नका, पण हे वचन ज्या पद्धतीने आपण सगळे मगवर आणि कॅलेंडरवर छापतो ना त्याबद्दल मला बोलायचंच आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९ वा अध्याय हे एक पत्र आहे. कोणाला लिहिलंय? यरुशलेमेतून उचलून बाबेलला नेलेल्या लोकांना. म्हणजे ज्यांचे प्लॅन नुसते बदलले नव्हते, घर गाव मंदिर सगळं गेलं होतं. आणि त्या लोकांना बरं वाटेल असं सांगणारा एक माणूस त्याच वेळी होता, आधीच्याच म्हणजे २८ व्या अध्यायात भेटतो, हनन्या. तो म्हणाला २ वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं ते सुद्धा त्याने सगळ्यांसमोर मोडून टाकलं, म्हणजे बघा किती जोशात. आणि यिर्मयाने काय लिहिलं तर ७० वर्षं. म्हणजे पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. हिताचे संकल्प हे शब्द त्या ७० वर्षांच्या लगेच खालच्या ओळीत आहेत, १० वं वचन वाचल्याशिवाय ११ वं वाचूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्या लोकांनी करायचं काय? ते पत्राच्या सुरुवातीलाच आहे. घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे जिथे जायचं नव्हतं तिथे झाडं लावा. फळझाड लावणं म्हणजे काय, काही वर्षं इथेच आहोत हे मान्य करणं. नुसतं सामान बांधून दाराशी बसू नका, एवढंच.

वाटेवरची, तुम्ही विचारलंत सकाळी उठून काय करायचं. मला वाटतं उत्तर यातच कुठेतरी आहे, पण ते दवबिंदूंच्या उत्तरासारखं गोड नाहीये. मोठा देश मोठा पगार ठेवलाय की नाही मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. असं ठामपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा. ते प्रेमाने सांगतात, पण उद्या तसं झालं नाही तर त्याचा हिशोब तुम्ही देवाकडे मागणार, त्यांच्याकडे नाही.

---

दवबिंदू

राग नाही आला. १० वं वचन खरंच कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. पण म्हणून काय माणसाला आशाच द्यायची नाही का?

---

कोपऱ्यातला_बाक

द्यायची की. यिर्मयाही देतोच. फक्त तारीख आणि पत्ता आपण घालू नये त्यात.

---

जुना_वल्हेकरी

मी मंडळीत बरीच वर्षं वचनाची सेवा करतो, पाळक नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नावर लिहितो कारण तो मला सगळ्यात जास्त लागला, की मी माझीच इच्छा देवाच्या तोंडी घातली का.

प्रेषित पौलाचं बघ. तोही प्लॅन करणारा माणूस होता, पत्रांमधून त्याचे बेत भरलेले आहेत, इकडून तिकडे जाईन, हिवाळा तिथे काढेन, मग तुम्ही मला पुढे पोचवा. आणि त्यातले किती बेत मोडले! प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये त्याला आशिया प्रांतात (रोमन प्रांत, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मना केलं. बिथुनियात जायला निघाला, तिथेही जाऊ दिलं नाही. कसं मना केलं, आजारपण आलं की रस्ता बंद होता की काही दर्शन झालं, ते त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहितच नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचं दर्शन, समुद्र ओलांडला, फिलिप्पैला नदीकाठी काही बायका प्रार्थनेला जमल्या होत्या तिथे लुदिया भेटली. ती जांभळी वस्त्रं विकणारी. आता ही लुदिया मूळची कुठली तर थुवतीराची, आणि थुवतीरा आहे आशिया प्रांतातच. ज्या प्रांतात जायला बंदी तिथलीच बाई समुद्रापलीकडे त्याची वाट बघत असल्यासारखी भेटली. आणि पुढे काही वर्षांनी इफिसात, म्हणजे त्याच आशियात, तो २ वर्षं शिकवत बसला. म्हणजे तेव्हाचा नकार कायमचा नव्हता. पण हे पौलाला त्या रात्री त्रोवसला कसं कळणार?

तरी ही गोष्ट सगळे सांगतात. मला दुसरीच सांगायचीय. ती कमी लोक सांगतात कारण ती उपदेशात नीट बसत नाही.

करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय २, वचनं १२ आणि १३. पौल परत त्रोवसला आलाय. तो स्वतः लिहितो की तिथे प्रभूमध्ये माझ्यासाठी दार उघडलेलं होतं. नीट बघ, हे दार त्याच्या मनाचं नाही, तो प्रभूचं नाव घेऊन सांगतोय. आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो की माझा भाऊ (म्हणजे सेवेतला सोबती) तीत तिथे सापडला नाही म्हणून माझ्या जिवाला चैन पडेना आणि मी त्यांचा निरोप घेऊन मासेदोनियाला निघून आलो. बस. उघडं दार सोडून माणूस निघून गेला, कशासाठी तर एका माणसाच्या काळजीपायी. यावर देव त्याला रागावला, दार बंद केलं, तुझा विश्वास कमी पडला, असलं काही तिथे लिहिलेलं नाही. पुढच्या वचनात तर तो देवाचे आभार मानतोय.

आता तू सांग. तुझं दार खोटं होतं असं म्हणायची काही गरज आहे का? दार खरं असेल, उघडलेलंही देवानेच असेल, आणि तुझा बाप अंथरुणाला खिळलाय म्हणून तू तिथून मागे फिरलीस. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपण मात्र असं धरून चालतो की देवाने दार उघडलं म्हणजे आत गेलंच पाहिजे नाहीतर ते दार देवाचं नव्हतं.

आणि लोक जे विचारतात ना जाणार होतीस ना, तेही पौलाला झालंय. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात. करिंथला दोनदा यायचा बेत सांगितला होता, बदलला, तर लोक म्हणायला लागले याचं होय होय आणि नाही नाही एकच आहे. त्याला त्यावर चक्क खुलासा लिहावा लागला. आणि खुलाशात तो काय म्हणतो, माझा बेत बदलला पण देवाचं होय बदललेलं नाही, त्याची सगळी वचनं ख्रिस्तामध्ये होय आहेत. म्हणजे त्याने आपल्या प्रवासाचा बेत आणि देवाचा शब्द या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. तुझ्या साक्षीतली देव विश्वासू आहे ही गोष्ट ऑफर लेटरच्या जिवावर नव्हती. ऑफर लेटर त्या वेळचा दाखला होता.

खूप लिहिलं. स्पेनचं राहिलंच, रोमकरांस पत्र १५ मध्ये तो रोमवरून स्पेनला जायचं म्हणतो, आणि रोमला पोचला तो कैदी म्हणून, मध्ये कैसरीयात २ वर्षं अडकून आणि जहाज फुटून. ते परत कधीतरी.

---

वाटेवरची

वल्हेकरी काका (काकाच म्हणते), ते १२ आणि १३ वचन मी चार वेळा वाचलं. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शांत बसले थोडा वेळ.

एक सांगते. पप्पांना माझं नाव घेता येत नाही, पाणी म्हणता येत नाही, पण काल संध्याकाळी मी त्यांच्या हाताचे व्यायाम घेताना सहज एक जुनं गीत गुणगुणत होते तर त्यांनी पुढची ओळ म्हटली. शब्दांसकट. आख्खी. मग मी म्हटलं पप्पा परत बोला, तर काही नाही, नुसता आवाज. नर्स म्हणून मला माहितीये की असं होतं, डाव्या मेंदूचा स्ट्रोक असला की बोलणं जातं पण गाणं पुष्कळदा राहतं, त्यात चमत्कार वगैरे नाही. तरी रडू आलं.

पण भरवशाचं अजून कळलं नाहीच.

---

तिठा

गाण्याचं स्पीच थेरपिस्टला आवर्जून सांगा, सुरात बोलवून घ्यायची एक पद्धत असते त्यांच्याकडे, तुम्हाला माहीत असेलच.

मी सासूबाईंचं असंच सगळं केलंय, त्यामुळे मी बायबल कमी आणि बाकीचं जास्त लिहिते. मनातल्या मनात जोर लावायचा का, हे तुमचं वाक्य वाचून हसूही आलं आणि पटलंही, कारण आपल्याला असंच शिकवलेलं असतं, डोळे घट्ट मिटायचे आणि शंका दाबून धरायची. माझ्या मते भरवसा जास्त करून कामात दिसतो, भावनेत नंतर आला तर आला. याकोबाच्या पत्रात ४ थ्या अध्यायात जे व्यापारी आहेत, आज उद्या अमक्या शहरात जाऊ एक वर्ष राहू पैसा मिळवू म्हणणारे, त्यांना याकोब बेत करू नका असं म्हणत नाही. प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू असं म्हणा, म्हणतो. बेत त्यातही आहेच. म्हणजे भरवसा ठेवणाऱ्या माणसाने फॉर्म भरायचे नाहीत असं कुठेच नाही.

म्हणून प्रॅक्टिकल बोलू. स्ट्रोकनंतर सुधारणेचा सगळ्यात जास्त वेग पहिल्या ३ ते ६ महिन्यांत असतो, हे तुम्हालाच जास्त माहीत. मग तेवढा काळ परदेशाचा होय पण नाही आणि नाही पण नाही. पप्पा कुठवर येतात ते दिसू दे. तोपर्यंत कागद जिवंत ठेवा. भाषेच्या परीक्षेचा निकाल बहुतेक ठिकाणी २ वर्षंच धरतात, तुमचा कधी संपतो ती तारीख बघून ठेवा, रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल चुकवू नका. ती फाइल बघवत नसेल तर मैत्रिणीला सांगा तारखा काढायला. फाइल फेकू नका आणि रोज उघडूही नका.

दुसरं, भाऊ. मुलं लहान आहेत मान्य आहे पण तुम्ही सगळं एकटीवर घेतलंय आणि त्याला आध्यात्मिक नाव दिलंय असं मला वाचताना वाटलं, चुकत असेन तर सोडून द्या. आईबापाचं बघणं देवाला आवडतं हे खरंच आहे, पहिलं तीमथ्य ५ मध्ये स्पष्ट आहे, आणि देवाला अर्पण केलं असं म्हणून आईबापाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभू येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच झापलंय. पण तोच येशू वधस्तंभावर असताना आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो. योहान १९. त्याने व्यवस्था लावली. आईवर प्रेम कमी होतं म्हणून नाही ना? मुलं पैसे पाठवतात, महिन्यातून काही दिवस येऊन राहतात, दिवसाची बाई ठेवतात, हे सगळं बोलून ठरवायचं असतं. तुम्ही बोललात का त्याच्याशी की त्याने विचारलं नाही म्हणून तुम्हीही गप्प?

आणि प्रार्थना येत नसेल तर दुसऱ्याची वापरा. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा कोठवर, कोठवर आहे. तेही जास्त गोड वाटलं तर ८८. ते शेवटपर्यंत काळोखातच आहे, शेवटी आभार नाहीत काही नाहीत, आणि तरी बायबलमध्ये आहे. मला ते फार आवडतं. काढून टाकायला कोणाची हिंमत झाली नाही.

---

पडवी

तिठा यांचं स्तोत्र ८८ बद्दलचं वाचून लॉगिन केलं खास.

मला नाथानबद्दल लिहायचंय, कारण साक्षीचा विषय निघालाय. दावीद राजाला मंदिर बांधायचं होतं, २ शमुवेल ७. त्याने नाथान संदेष्ट्याला सांगितलं. नाथान, जो खरोखरचा देवाचा माणूस होता, म्हणाला तुझ्या मनात आहे ते सगळं कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. आणि त्याच रात्री देवाने नाथानला सांगितलं की नाही, मंदिर तो बांधणार नाही, त्याचा मुलगा बांधेल. विचार करा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नाथानची काय अवस्था झाली असेल. काल स्वतः हो म्हणून सांगून आलेला. तरी तो गेला आणि सांगितलं. त्याला कोणी खोटा संदेष्टा म्हटलं नाही. पुढेही तोच संदेष्टा राहिला.

आणि दावीद काय करतो तर आत जाऊन परमेश्वरापुढे बसतो. आणि नंतर, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात २२ व्या अध्यायात आहे, सोनं चांदी लोखंड गंधसरूची लाकडं गोळा करत बसतो, जे मंदिर त्याला बघायलाही मिळणार नाही त्यासाठी. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते पहिले राजे ८:१८. मंदिर पूर्ण झाल्यावर त्याचा मुलगा शलमोन सांगतो की देव माझ्या बापाला म्हणाला होता, मंदिर बांधायचं तुझ्या मनात होतं हे तू चांगलं केलंस. नकार दिला तरी इच्छेला चांगलं म्हटलं. मला वाटतं तुमच्या इच्छेची तुम्हाला लाज वाटायला लागलीये, परदेशात जायची इच्छा म्हणजे स्वार्थ होता की काय असं. तसं नका करू.

---

निरुत्तर

सगळे छान लिहितायत पण मी जरा वेगळं बोलतो. या गोष्टींत एक गडबड असते की शेवटी काहीतरी मिळतंच. लुदिया मिळाली, इफिस मिळालं, मंदिर झालं. माझा एक प्लॅन मोडला त्याला बरीच वर्षं झाली आणि त्याच्या जागी काही आलं नाही. दुसरं दार वगैरे नाही. काय होता ते लिहीत नाही.

आपल्या सभांमध्ये मिशनरी अदोनिराम जडसनची गोष्ट फार सांगतात. १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले, कलकत्त्याला पोचले, ईस्ट इंडिया कंपनीने निघा म्हणून सांगितलं, फिरत फिरत १८१३ ला रंगूनला पोचले आणि त्यातून पुढे अख्खं बर्मी बायबल झालं. त्याच वेळी निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याच गडबडीत मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. बघा देवाने कसा प्लॅन बदलला! बरोबर आहे, खोटं नाही काही. पण जडसनच्याच जहाजात हॅरिएट न्यूएल नावाची मुलगी होती, नवऱ्याबरोबर. कंपनीने हाकलल्यावर ते दोघं मॉरिशसकडे निघाले, वाटेत जहाजावर बाळ झालं, ते काही दिवसांत गेलं, आणि १८१२ संपायच्या आत तीही गेली. १९ वर्षांची. एकही दिवस काम केलं नाही जे करायला आली होती. प्लॅन बदलला तो तिचाही बदलला.

मला हॅरिएटबद्दल बोलणारा भरवसा पाहिजे. जडसनपुरता चालणारा नको.

---

जुना_वल्हेकरी

निरुत्तर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि त्याला उत्तर म्हणून काही देत नाही. फक्त इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय, ज्याला आपण विश्वासवीरांची यादी म्हणतो, त्यात १३ व्या वचनात लिहिलंय की हे सगळे विश्वासात मेले, पण वचनानुसार मिळायचं ते मिळालं नव्हतं, त्यांनी ते लांबून पाहिलं. आणि शेवटी ३९ मध्ये परत तेच. लेखकाने दोनदा लिहिलंय. म्हणजे मिळालं म्हणून विश्वास खरा ठरला असं त्या यादीत नाहीये. हॅरिएट त्या यादीत बसते. तुम्हीही बसता.

गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभूने तीनदा मागितलं होतं हा प्याला टळू दे म्हणून. टळला नाही.

---

निरुत्तर

हम्म. १३ आणि ३९ बघतो. यादीतलं माझं राहू द्या तूर्तास.

---

कोपऱ्यातला_बाक

निरुत्तर, इथे येत राहा पण. तुमच्यासारखं लिहिणारे कमी आहेत आणि पाहिजेत.

---

वाटेवरची

सगळं वाचलं, दोनदा. पप्पा झोपलेत आत्ता.

तिठा ताई तुमचं थोडं लागलं पण चुकलेलं नाही. भावाशी मी बोललेच नाहीये, त्याने विचारायची वाट बघत होते आणि तो बहुतेक मी सांगायची. काल रात्री फोन केला. रडारड झाली थोडी, भांडणही झालं थोडं. पुढच्या महिन्यात तो आठवडाभर येतोय आणि दिवसाच्या बाईचे पैसे तो देणार म्हणालाय, बघू. परीक्षेच्या निकालाची मुदत संपायला अजून वर्षाच्या वर वेळ आहे, तारीख मैत्रिणीनेच काढून दिली.

निरुत्तर दादा, तुमच्यामुळे मला का कोण जाणे सगळ्यात हलकं वाटलं. असं वाटलं की काही मिळालं नाही तरी इथे बसायला जागा आहे.

स्तोत्र १३ मोठ्याने वाचते रोज पप्पांजवळ बसून. मला काही वाटत नाही वाचताना, खरं सांगते. वाचते फक्त.

एक राहिलं, मंडळीत परत उभं राहून काही सांगायला पाहिजे का? पाळक विचारत होते, निरोपाची प्रार्थना झाली होती म्हणून. मला आत्ता आभारप्रदर्शन जमणार नाही.

---

पडवी

आभारप्रदर्शन नका करू. पाळकांना सांगा दोन वाक्यं तुम्हीच बोला माझ्या वतीने, ती जात नाहीये, वडील आजारी आहेत, प्रार्थना करा आणि आळीपाळीने येऊन तिच्या पप्पांजवळ बसा. विनंतीसुद्धा चालते साक्षीच्या वेळेत.

---

तिठा

+१. आणि बसायला येणाऱ्यांना वेळ वाटून द्या, नाहीतर सगळे रविवारी दुपारी एकदम येतात आणि बाकीचे सहा दिवस कोणी नाही. कागदावर लिहून मंडळीच्या दारात लावा.